सैतान खिशात कसा मावला

(दृश्य: मागाच्या डोक्यावर फिरणारी पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ. मागाचा आवाज पूर्ण. निवेदन थोडं थांबून.)

सोलापूरचा पूर्व भाग. चादरीचा माग. वर पुठ्ठ्याची जी माळ फिरतेय, तिच्यातला एकेक पत्ता म्हणजे बाण्याचा, आडवा जाणारा, एकेक धागा. पत्त्याला भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा वर येतो. भोक नसेल तिथं दोरा खालीच राहतो. मधून बाण्याचा धागा घेऊन धोटा जातो, पत्ता सरकतो, पुढचा पत्ता समोर येतो. चादरीवरचा मोर असा एकेका ओळीनं तयार होतो. एका पत्त्याकडे बघून मोर ओळखता येत नाही, पण पत्ते क्रमानं फिरले की तो दिसायला लागतो.

(दृश्य: जुना कृष्णधवल चित्रपट. बर्फातलं गाव, रात्र. शिंगं, शेपूट, डुकराचं नाक असलेला सैतान.)

हा सैतानही तसाच तयार झालाय. साल १९१३, शहर मॉस्को. चित्रपटाचं नाव ‘नाताळची आदली रात्र’. दिग्दर्शक व्लादिस्लाव स्तारेविच. लांबी ४१ मिनिटं. त्या काळी हा चांगला लांबलचक चित्रपट होता, आज तो छोटाच वाटेल. यात माणसं आहेत, बाहुली आहे आणि दोघांची सरमिसळ आहे. आम्ही तो सोलापुरात एका गल्लीत, भिंतीवर मांजरपाट ताणून दाखवला. त्या रात्रीचं चित्रण आणि नंतर जे घडलं ते, एवढाच या माहितीपटाचा ऐवज.

(दृश्य: सिद्धेश्वर यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतले भाविक, नंदीध्वज, गर्दी.)

हे दृश्य विषयाला थोडं सोडून आहे. पण जानेवारीत सोलापुरात कॅमेरा बाहेर काढायचा आणि सात नंदीध्वज टिपायचे नाहीत, हे कुणाला जमेल? निमित्तही आहे. रशियात चर्चचा नाताळ जुन्या पंचांगानं, म्हणजे आपल्या कॅलेंडरच्या ७ जानेवारीला येतो. त्यानंतर आठवड्याभरात आपली संक्रांत आणि गड्ड्याची यात्रा, म्हणजे हीच सिद्धेश्वराची. होम मैदानावर पाळणे लागले होते, पोरांना सुट्टीचा मूड होता. नाताळचा चित्रपट जानेवारीत का, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही.

(दृश्य: गल्ली. कापड ताणणारे हात. पुढे बसलेली मुलं, मागे ओट्यांवर बायका.)

मूकपटाला आवाज नाही. आम्ही संगीतही लावलं नाही. शेजारच्या कारखान्यातले माग चालू होते, त्यांचंच पार्श्वसंगीत. पडद्यावर पाटी आली की आठवीतली एक मुलगी ती मराठीत मोठ्यानं वाचायची. पाट्या आधीच लिहून दिल्या होत्या, पण तिनं पहिल्या दहा मिनिटांतच कागद बाजूला ठेवला आणि स्वतःच्या भाषेत सांगायला लागली. “आता ह्यो सैतान चंद्र चोरणार हाय, बघा.”

(दृश्य: सैतान आकाशात चंद्राला हात घालतो. मुलांचे चेहरे. आवाज मूळ.)

गोष्ट रशियन भाषेत लिहिणाऱ्या लेखक गोगोलची, १८३२ साली छापलेली. युक्रेनमधलं दिकान्का नावाचं गाव. नाताळची आदली रात्र. वाकुला नावाचा तरुण लोहार, त्याला चित्रं काढायचा नाद. त्यानं चर्चच्या भिंतीवर सैतानाचं असं चित्र काढलं की सैतानाची सगळीकडे नाचक्की झाली. म्हणून सैतान सूड घ्यायला निघतो. वाकुलाची आई सोलोखा जादूटोणा करणारी, तिच्याशी या सैतानाचं गुळपीठ. आणि वाकुलाचा जीव अडकलाय ओक्सानामध्ये. ती आरशातून मान वर काढायला तयार नाही. तिची अट एकच: राणीच्या पायातले बूट आणून दे, मग लग्न.

यात सांताक्लॉज नाही, सजवलेलं झाड नाही, भेटवस्तूंचा ढीग नाही. हा नाताळ बर्फाचा, गाणी म्हणत दारोदार फिरणाऱ्या पोरापोरींचा आणि चेटकिणीचा. सिग्नलवर विकायला येणाऱ्या लाल टोप्यांवरून ज्यांनी नाताळ ओळखला, ती आमची मुलं सुरुवातीला जराशी हिरमुसली. सैतान आल्यावर सावरली.

(दृश्य: जेवायला बसलेला जाडजूड मांत्रिक. अन्न आपोआप उडी मारून तोंडात जातं. गल्लीत एकच गलका.)

हे दृश्य आम्ही पूर्ण दाखवतोय. वाकुला सल्ला घ्यायला मांत्रिकाकडे जातो, तर हा माणूस जेवतोय, आणि तेही हात न लावता. उकडलेले, सारण भरलेले अर्धचंद्र भांड्यातून उठतात आणि थेट तोंडात. पहिली उडी झाली आणि मागच्या ओट्यावरून एक आजी ओरडल्या, “अगं, कडबू की!” पुढची दोन मिनिटं कुणी पडद्यावरची पाटी ऐकली नाही. दर उडीला “कडबू!” चा घोष. नाशिक-पुण्याच्या प्रेक्षकाला हे कळायला वेळ लागेल, म्हणून सांगतो: कडबू म्हणजे पुरण भरलेला असाच अर्धचंद्र. सोलापूरला तो सांगावा लागत नाही.

(दृश्य: स्तारेविचचं जुनं छायाचित्र. त्याच्या कीटकपटांतली दृश्यं: शिंगवाले भुंगेरे.)

आता हा स्तारेविच कोण? जन्म १८८२, मॉस्को. आईवडील पोलिश. वाढला कोवनोत, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या काउनासमध्ये. तिथल्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयाचा तो संचालक होता आणि कीटकांचा त्याला विलक्षण नाद होता. १९१० साली त्याला नर भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. हे किडे रात्री फिरणारे. प्रकाशझोत टाकला की निपचित पडायचे. झुंज तर सोडाच, हलायचेसुद्धा नाहीत.

(दृश्य: भुंगेऱ्यांची झुंज, पडद्यावर संथ गतीनं.)

इथं त्याला आठवली आगकाड्यांची फिल्म. फ्रान्सच्या एमिल कोलनं १९०८ साली आगकाड्या जिवंत केल्या होत्या. काडी किंचित हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची. स्तारेविचनं तेच मेलेल्या भुंगेऱ्यांवर केलं. पाय काढले, तार आणि मेणानं पुन्हा जोडले, म्हणजे हव्या त्या कोनात वळवता येतील. भुंगेरे झुंजले. पुढे त्याच्या कीटकांची फिल्म लंडनला पोचली तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं की शिकवून तयार केलेल्या किड्यांकडून हे काम करून घेतलंय.

आपल्याकडेही आगकाड्याच. १९१५ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्याआधी वाटाण्याच्या वेलाची वाढ त्यांनी अशीच थोडी थोडी टिपून सलग दाखवली होती आणि त्यावर भांडवल उभं केलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला तो ३ मे १९१३ला. म्हणजे नाशिकचा माणूस आणि हा मॉस्कोचा माणूस एकाच वर्षी, एकमेकांना न ओळखता, एकाच खटपटीत होते. फाळक्यांच्या काड्या आमच्याकडे दाखवायला नाहीत, म्हणून हा विषय इथंच सोडतो. नाहीतर आमचा जीव तिथंच जास्त रमला असता.

(दृश्य: लाकडी पेटीचा जुना कॅमेरा, फिरणारं हँडल.)

तेव्हाचा कॅमेरा हातानं चालायचा. हँडलचा एक फेरा म्हणजे ८ फ्रेम. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे साधारण १६ फ्रेम. युक्तीची दृश्यं घेताना मात्र एका फेऱ्याला एकच फ्रेम पडेल अशी सोय वेगळी असायची. हिशेब करा: बाहुलं पडद्यावर दहा सेकंद हलवायचं तर १६० वेळा त्याला हात लावायचा. मध्येच धक्का लागला, दिवा मंदावला, तर पहिल्यापासून. ज्याला पुसून पुन्हा काढता येत नाही अशा कामाची शिस्त निराळीच असते.

(दृश्य: लॅपटॉपसमोर बसलेले एक वृद्ध. चष्मा. बोट पडद्याजवळ.)

हा चित्रपट आम्ही ज्यांना दाखवला त्यांतले हे एक गृहस्थ. गल्लीतली पोरं त्यांना ताता, म्हणजे आजोबा, म्हणतात, घरात तेलुगू, दारात मराठी. आयुष्यभर त्यांनी मागाचे पत्ते ठोकले, म्हणजे त्यांना भोकं पाडली. आधी कागदावर चौकटी, चौकटीत रंग भरलेला नक्षा, मग त्या नक्ष्यावरून एकेका ओळीचा पत्ता. एक भोक चुकलं की चादरभर तीच चूक. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ते खिशातलं पुन्हा दाखवा.

(दृश्य: चित्रपट. माणसाएवढा सैतान क्षणात वितीएवढा होतो आणि वाकुलाच्या खिशात शिरतो. एकदा पूर्ण वेगात. नंतर एकेक फ्रेम.)

मोठा सैतान आहे इवान मोझ्झुखिन. पुढे रशियन पडद्यावरचा फार मोठा नट झाला. इथं त्याचा चेहरा शोधूनही सापडत नाही, सगळा केसाळ वेशाखाली गेलाय. पण चालणं बघा, शेपूट सावरणं बघा. आणि मग तो लहान होतो.

तातांनी एकेक फ्रेम पुढे नेली. मागे आणली. पुन्हा पुढे.

(मूळ आवाज: “हितं. हितं माणूस गेला, बाहुलं आलं. सांधा हाय बघा.”)

सांधा आहेच. शोधणाऱ्याला दिसतो, सहज बघणाऱ्याला नाही. आमचं मत विचाराल तर या चित्रपटाची सगळी गंमत त्या सांध्यात आहे. आजच्या चित्रपटांत संगणकानं माणूस आणि चित्र इतकं एकजीव केलेलं असतं की नवल वाटायलाही फट उरत नाही. इथं फट आहे, आणि ती कुणाच्या तरी बोटांनी बुजवलीय हे कळतं. तातांनी तो सांधा सापडल्यावर हसून मान हलवली, तसं हसू आम्हाला कुठल्या महागड्या चित्रपटाच्या प्रेक्षकात दिसलेलं नाही.

(दृश्य: सोलोखाचं घर. एकामागून एक पाहुणे पोत्यांत लपतात.)

सगळंच जमलंय असं नाही. मधला पोत्यांचा भाग लांबला आहे. सोलोखाकडे आधी सैतान, मग गावचा मुखिया, मग चर्चमधला कारकून, मग ओक्सानाचा बाप, आणि दार वाजलं की आधीचा पोत्यात. पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा मुलं चुळबुळायला लागली आणि दोन जण यात्रेत निघून गेली. कॅमेरा जागचा हलत नाही, नाटक समोरच्या खुर्चीतून बघावं तसं सगळं. उलट राजधानीचा भाग, जिथं बूट मिळतात, तो घाईत उरकलाय. ओक्सानाच्या वाट्याला आरसा आणि नखरे यापलीकडे काही नाही. पाट्या वाचणाऱ्या मुलीनं तिच्या वतीनं एक वाक्य पदरचं घातलं: “बूट नको, तूच ये आता.” मूळ चित्रपटात ते नाही, पण आम्ही ते संकलनात ठेवलंय.

(दृश्य: स्तारेविचचं पॅरिसमधलं छायाचित्र, शेजारी बाहुल्या.)

क्रांतीनंतर स्तारेविचनं रशिया सोडला, क्रिमियातून इटली, तिथून फ्रान्स, आणि १९६५ साली, एक बाहुलीपट अर्धा असताना, तो वारला. सुरुवातीला जो माग दाखवला तो त्याच्या मालकानं उन्हाळ्याच्या आधी भंगारात काढला.

(दृश्य: तातांचे हात. ठोकलेल्या पत्त्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला. इथं निवेदन नाही.)

(दृश्य: गच्ची. दुपार. फरशीवर आगकाड्या. विटेवर टेकवलेला मोबाइल.)

आणि हे चित्रण आमच्या योजनेत नव्हतं. चित्रपट बघितलेल्या पोरांनी गच्चीवर काड्यांची फिल्म करायला घेतली. आम्हाला कळलं तेव्हा अर्धी झाली होती, त्यामुळे सुरुवात आमच्याकडे नाही. पद्धत तीच: एकानं काडी सरकवायची, दुसऱ्यानं हात बाजूला झाला का बघायचं, तिसऱ्यानं फोटो घ्यायचा. काड्यांचा एक माणूस चालत येतो, वाकतो आणि काड्यापेटीत शिरतो. खिसा करायला कापड होतं, पण वाऱ्यानं उडत होतं, म्हणून काड्यापेटी.

(दृश्य: मुलांची फिल्म, अर्धवट. काड्यांच्या सावल्या एकदम उड्या मारतात.)

सावल्या नाचताहेत कारण ऊन सरकत होतं. स्टुडिओबाहेर केलेल्या जुन्या अ‍ॅनिमेशनपटांतही नेमकं हेच दिसतं, आणि त्यावरून चित्रण किती वेळ चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो. ताता वर येऊन बघून गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: काडी सरकवायचं अंतर सारखं ठेवा, आणि फरशीवर खडूनं चौकटी आखून घ्या.

(दृश्य: फरशीवर खडूच्या चौकटी. वाकलेली डोकी.)

चौकटी आखल्यावर माणूस सरळ चालायला लागला. पेटीत शिरताना मात्र एका फ्रेममध्ये कुणाचं तरी बोट आलंय. ते काढून टाकायचं की ठेवायचं यावर दोन तट पडले. बहुमतानं ठेवलं.

(मूळ आवाज: “पुढच्या टायमाला कडबू उडवायचे बे!” “पीठ कोण देणार?” “आजीला विचार.” “तू विचार की!”)

(दृश्य: मुलांची पूर्ण फिल्म, सलग. त्यानंतर श्रेयनामावली.)