पडद्यावर दिसतं ते ड्रोनला दिसत नाही

मित्रहो, रात्रीचं नाशिक वरून टिपावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्यांनी उजळलेला गोदाघाट, गंगापूर रोडच्या लॉन्सवरची लग्नाची रोषणाई, आणि आता 2027 चा सिंहस्थ. आज इथे लग्नाचं शूटिंग करणारे बरेच जण आहेत. त्यांच्या तोंडून मी एक वाक्य वारंवार ऐकतो: "सेन्सर आहेत ना, अडथळा आला की ड्रोन आपोआप थांबतो." दिवसा हे बरंचसं खरं असतं. रात्री या वाक्याच्या भरवशावर माणसांच्या डोक्यावर ड्रोन नेणं मला धोक्याचं वाटतं, आणि त्याचं कारण नीट सांगायला मी आलो आहे.

हातातल्या पडद्यावर रात्रीचं चित्र छान उजळ दिसतं. घाटाच्या पायऱ्या दिसतात, झाडांचे शेंडे दिसतात. पण ते चित्र मुख्य कॅमेऱ्याचं असतं. त्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा, शटर उघडं राहण्याचा वेळ जास्त, शिवाय चित्रातले दाणे पुसून काढणारी प्रक्रिया मागे चालू असते. अडथळे ओळखण्याचं काम तो कॅमेरा करत नाही. त्यासाठी ड्रोनच्या अंगावर छोट्या कॅमेऱ्यांच्या वेगळ्या जोड्या असतात, आणि त्यांना काय दिसतंय ते आपल्याला कधीच दाखवलं जात नाही. पडदा उजळ आहे म्हणून ड्रोनलाही दिसत असेल, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

ही जोडी काम कशी करते? अंगठा चेहऱ्यासमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीपुढे सरकल्यासारखा दिसतो. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. एकच बिंदू दोन्ही चित्रांत शोधायचा, तो किती सरकला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं, हे काम ड्रोन सेकंदाला अनेकदा करतो. त्यासाठी चित्रात ओळखू येणाऱ्या खुणा हव्यात: विटांच्या सांधी, पानांच्या कडा, दगडाचा खडबडीतपणा. अंधारात या खुणाच नाहीशा होतात. कोरी भिंत, काच, संथ पाणी यांच्यापुढे तर दिवसासुद्धा गोंधळ होतो.

बऱ्याच ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं की या यंत्रणेला 15 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड लागतो. निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सलाही पोचत नाही. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणाऱ्या चांदण्यात सेन्सर जवळजवळ आंधळा असतो. रोषणाईच्या जागी वेगळीच पंचाईत. लॉन्सवरचा हॅलोजन थेट समोर आला की छोटा कॅमेरा दिपतो, आणि त्याच दिव्याच्या मागे उभं असलेलं अशोकाचं झाड काळोखात बुडतं. शिवाय मंडपाचे ताणाचे दोर आणि खांबाखांबांवरून टाकलेल्या दिव्यांच्या माळा असतातच.

तारांबद्दल जरा थांबून बोलतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडून निघालेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या असोत की गल्लीतल्या महावितरणच्या तारा, दोन्ही दिवसासुद्धा सेन्सरला चकवतात. एक कारण जाडी. दहा-पंधरा मीटरवरची बोटाएवढी तार त्या छोट्या कॅमेऱ्यात जेमतेम एखाद-दुसऱ्या ठिपक्याएवढी उमटते. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. जोडीतले दोन कॅमेरे एकमेकांच्या शेजारी आडवे असतील आणि तारही आडवीच गेली असेल, तर दोन्ही चित्रांत ती सारखीच रेघ दिसते. तिचा कोणता बिंदू कुठे सरकला हे ठरवायला काही खूणच उरत नाही. संक्रांतीच्या आसपास तुटून झाडांना लोंबकळणाऱ्या मांजाबद्दल तर बोलायलाच नको. तो कुठल्याच सेन्सरला दिसत नाही असं समजूनच उडवा.

आता लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर, आला आहे. 2024 मध्ये आलेल्या डीजेआय एअर 3 एस या ड्रोनमध्ये तो पुढच्या बाजूला बसवलेला आहे. तो स्वतःचा लेसर प्रकाश सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. पंधरा मीटरवरून परत यायला प्रकाशाला सेकंदाचा एक कोट्यंशच लागतो. ही खरोखर मोठी प्रगती आहे. मला तिचं मनापासून कौतुक आहे. तरीही लेसरचे ठिपके मोजकेच असतात आणि बारीक तार दोन ठिपक्यांच्या मधून निसटू शकते. आणि तो फक्त पुढे बघतो. ड्रोन मागे किंवा आडवा नेताना त्याचा उपयोग नाही. 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांकडे त्याआधीचीच मॉडेलं आहेत. त्यांना हे सगळं जास्तच लागू आहे.

दिसलं तरी थांबायला जागा हवी. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंदाने उतरतो असं धरू. सेकंदाला 12 मीटर वेगाने जाणारा ड्रोन थांबेपर्यंत 14 मीटरहून जास्त पुढे जातो. वेग निम्मा, म्हणजे 6 केला, तर साडेतीन मीटरच्या आसपास. वेग निम्मा की अंतर पाव. म्हणून रात्री सिने मोड, म्हणजे संथ उडण्याचा पर्याय. वेगवान स्पोर्ट मोडमध्ये अडथळ्यांसाठीचं ब्रेकिंग बंदच असतं, हे विसरू नका.

पुलांखालून ड्रोन काढायचा मोह नाशिककरांना फार. अहिल्याबाई होळकर पुलाच्या कमानी सुंदर आहेत, मान्य. पण पुलाखाली जीपीएस तुटतं. दिवसा अशा वेळी पोटाखालचे कॅमेरे जमिनीकडे बघून ड्रोनला जागच्या जागी धरतात. रात्री खाली काळं, वाहतं पाणी असतं, त्यांना धरायला काही सापडत नाही. मग ड्रोन वाऱ्यावर सरकू लागतो, कमानीच्या दगडाकडे. रात्री पुलाखालून नेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

ड्रोन आपोआप उड्डाणाच्या जागी परततो ती 'घरी परतण्याची' उंची हीसुद्धा दिवसा पाहून ठरवायची गोष्ट. उजेडात काही ड्रोन अडथळ्याला वळसा घालून येतात. अंधारात ते ठरवलेल्या उंचीवर चढतात आणि सरळ रेषेत परततात. वाटेत मोबाइलचा टॉवर असेल तर टॉवरच. म्हणून ज्या जागी रात्री उडवायचं तिथे दुपारी एकदा पायी फिरा. तारा, टॉवर, उंच झाडं कागदावर मांडा आणि त्यातल्या सर्वांत उंच गोष्टीच्या बरंच वरची उंची भरा. सोबत एक माणूस असाच ठेवा की ज्याने पडद्याकडे बघायचंच नाही, फक्त आभाळातल्या ड्रोनच्या दिव्याकडे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि उजळ पडदा तो सराव क्षणात मोडतो.

परवानगीचं थोडक्यात. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या भागात, 400 फुटांपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत. आपल्याकडे ओझरचा विमानतळ आहे, देवळालीत तोफखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. त्यामुळे नकाशा आधी, बॅटरी नंतर. मोठ्या गर्दीच्या दिवशी पोलिसांचे वेगळे आदेशही निघतात.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे: रात्री सेन्सर भरवशाचे नसतील तर बंदच ठेवावेत का? चालूच ठेवा, पण 'बायपास'वर नको, 'ब्रेक'वर ठेवा. बायपासमध्ये ड्रोन समोरचं टाळायला बाजूला सरकतो, आणि तुमच्या ड्रोनला बाजूला सेन्सरच नसतील तर तिथे काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. ब्रेकमध्ये तो निदान जागीच थांबतो आणि पुढचं तुमच्यावर सोपवतो. ॲपमध्ये उजेड अपुरा असल्याची सूचना आली की सेन्सर चालू दाखवत असले तरी ते नाहीत असं धरा आणि सोबतच्या माणसाच्या शब्दावर उडवा.