सोलापूरच्या रस्त्यावर डबलसीट

मोटारसायकल चालवण्याचा परवाना हवा असेल तर परीक्षा द्यावी लागते. मागे बसायला मात्र परीक्षा नाही आणि ते शिकवणारेही कोणी नाही. सोलापुरात कामावर, दवाखान्यात, नवी पेठेतल्या बाजारात किंवा सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणारी असंख्य माणसे रोज डबलसीट प्रवास करतात आणि त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी केवळ चालवणाऱ्याची आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. मागे बसलेली व्यक्ती गाडीच्या तोलाचा भाग असते; ती कशी बसते, काय धरते आणि वळणावर काय करते, यावर गाडी किती स्थिर राहील हे बऱ्याच अंशी ठरते.

नेहमीच्या वापरातल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलचे वजन साधारण 110 ते 125 किलो असते. तिच्यावर 60 किलोचे माणूस मागे बसले, म्हणजे गाडीच्या निम्म्या वजनाची भर पडली, आणि तीही उंचावर व मागच्या चाकाजवळ. त्यामुळे पुढचे चाक हलके होते, हँडल सैल वाटू लागते आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. म्हणूनच कंपनीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या पट्टीवर मागच्या चाकातील हवेचा आकडा एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा दिलेला असतो. मागचे शॉकअप कडक करण्याची सोयही बहुतेक गाड्यांना असते. ती फारच थोडे लोक वापरतात आणि मग खड्ड्याखड्ड्याला कंबर दुखते म्हणून सीटला दोष दिला जातो.

आता बसण्याची क्रिया जवळून पाहू. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पुढचा ब्रेक दाबून गाडी सरळ धरायची. मागच्या व्यक्तीने डाव्या बाजूने यायचे, कारण उजवीकडे रहदारी असते आणि बहुतेक गाड्यांचा सायलेन्सरही उजवीकडेच असतो. डावा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवून, उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकून बसायचे. घराघरांतून रोज ऐकू येणारा “बसलीस का?” आणि “बसले, चला” हा संवाद इथे फार मोलाचा आहे. प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहताच क्लच सोडला जातो, तेव्हा मागचीचा एक पाय अजून फूटरेस्ट शोधत असतो.

बसल्यावर दोन्ही पाय फूटरेस्टवर हवेत, सिग्नलला गाडी थांबली तरीही. पाय खाली टेकवून मदत करण्याची इच्छा चांगली असली, तरी त्या क्षणी तोल सांभाळणे हे चालवणाऱ्याचेच काम आहे आणि मागून आलेल्या हालचालीने तो उलट बिघडतो. गुडघे चालवणाऱ्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना हलकेच लागलेले असावेत. एक हात त्याच्या कमरेला आणि दुसरा सीटमागच्या दांड्याला, ही सर्वांत भरवशाची पकड होय. खांदे धरून बसणे टाळावे, कारण ब्रेक लागताच मागच्याचा सारा भार त्या खांद्यांवर येतो, खांद्यांवरून दंडांत उतरतो आणि शेवटी हँडलवर जातो.

वळणावर गाडी ज्या अंगाला झुकते त्या अंगाला चालवणाऱ्याबरोबर आपणही तेवढेच झुकावे. घाबरून उलट बाजूला कलले, तर तेच वळण घेण्यासाठी त्याला गाडी अधिक कलवावी लागते. सोपा उपाय असा की, डाव्या वळणाला त्याच्या डाव्या खांद्यावरून आणि उजव्या वळणाला उजव्या खांद्यावरून पुढे पाहावे. नजर तिकडे गेली की अंग आपोआप तिकडे जाते. गतिरोधक दिसताच पायांवर थोडा भार घेऊन सीटवरून किंचित हलके व्हावे, म्हणजे बसणारा धक्का गुडघे झेलतात, पाठीच्या मणक्यांपर्यंत तो पोहोचत नाही. पाठीवर जड सॅक असेल, तर तिचे पट्टे सैल करून ती मागे सीटवर टेकवावी.

हे सारे दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्यासाठी झाले. सोलापुरातले मोठे वास्तव वेगळे आहे. पाचवारी साडी नेसलेली स्त्री दोन्ही पाय डावीकडे सोडून बसते. तिच्या गुडघ्यांना धरायला काहीच नसते आणि दोन्ही पायांचा भार एकाच बाजूला पडतो. अचानक ब्रेक लागला की शरीर पुढे जाते आणि कंबर पिळवटते. खड्ड्यातून गाडी उसळली की शरीर वर उचलले जाते आणि ते पुन्हा त्याच जागी येईल याची हमी देणारे काही उरत नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसणेच अधिक सुरक्षित आहे, आणि शक्य असेल त्या स्त्रीने तेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि, वयाने, सवयीने किंवा पेहरावामुळे ज्यांना ते जमत नाही, त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्यासाठी साडी गार्डखालची, म्हणजे मागच्या चाकावरच्या आवरणाखालची, पायपट्टी मजबूत असावी, उजवा हात चालवणाऱ्याच्या कमरेला आणि डावा मागच्या दांड्याला असावा, पदर कमरेला खोचलेला असावा आणि गाडीचा वेग कमी असावा.

पदराचा मुद्दा विशेष काळजीचा आहे. वाऱ्याने फडफडणारे पदराचे किंवा ओढणीचे टोक चाकात सापडले, तर ते गुंडाळत जाते आणि गळ्याला किंवा कमरेला हिसका बसून स्त्री खाली खेचली जाते. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 123 नुसार, मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण मोटारसायकलला असणे आवश्यक आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून हे साडी गार्ड काढून टाकणारे तरुण त्याच गाडीवर आईला घेऊन जातात, हे पाहून मन अस्वस्थ होते.

हेल्मेटही दोघांना हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार ते मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि 2019 च्या दुरुस्तीने त्याच्या उल्लंघनासाठी एक हजार रुपये दंड व तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद केली. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही ही स्त्रियांची अडचण खरी आहे. मानेशी सैल वेणी घातली तर ही अडचण सुटते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि मापाचे हेल्मेट आवश्यक असून, अशा वेळी वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवायचा असतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि काळे सीट अक्षरशः भाजते. त्यावर टॉवेल किंवा चादरीची घडी टाकून बसण्याची पद्धत आहे, पण ती घडी घसरते आणि तिचे टोक चाकाकडे लोंबते. गाडी सावलीत लावणे किंवा सीटवर पाणी शिंपडून पुसून घेणे अधिक बरे.

तुळजापूर इथून सुमारे 45 किलोमीटर. या रस्त्यावर मागे बसणाऱ्याची खरी कसोटी घाटात लागते. चढावर शरीर मागे ओढले जाते, म्हणून दांड्याची पकड सोडू नये. उतारावर ते पुढे सरकते, तेव्हा पाय फूटरेस्टवर रोवून आणि दांड्याला धरून स्वतःला मागे ठेवावे, चालवणाऱ्यावर रेलू नये. कोजागरीच्या सुमारास हाच रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो आणि चालवणाऱ्याला वारंवार वेग कमी करावा लागतो. अशा वेळी मागून अचानक हात करून काही दाखवणे किंवा मोबाइल पाहणे धोक्याचे असते. निम्म्या वाटेवर थांबून पाय मोकळे केले, तर पोहोचल्यावर मांड्या आखडलेल्या नसतात.

उतरताना गाडी पूर्ण थांबू द्यावी, “उतरते” असे आधी सांगावे आणि डावीकडेच उतरावे. दूरच्या प्रवासानंतर सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो. मूल बरोबर असेल तर त्याला त्या बाजूला फिरकू देऊ नये.