सिग्नल कुठवर, त्यावर वाजवायचं काय

लाल दिव्यापाशी गाडी थांबली आणि रेडिओ एकदम खरखरू लागला. एफएम, 100 मेगाहर्ट्झ. गाडी हातभर पुढे सरकली, आवाज पुन्हा स्वच्छ. केंद्रात काहीच बिघडलेलं नाही. मनोऱ्यावरून थेट आलेली लहर आणि इमारतीवर आपटून उशिरा पोचलेली लहर त्या जागी एकमेकींना मारत होत्या. इथे लहरीची लांबीच 3 मीटर, म्हणून एवढ्याशा अंतरात चित्र पालटतं.

नवं केंद्र उभं राहताना पहिला वाद गाण्यांचा होतो. जुनी, नवी, की नुसत्या गप्पा? हा वाद नंतर घालावा. आधी मोजणीचं यंत्र गाडीत ठेवून सगळे रस्ते फिरावेत, मग घराघरांत छोट्या संचावर ऐकावं. भिंती सिग्नल खातात. गाडीत सुरेख लागणारं केंद्र स्वयंपाकघरात लागतच नाही, असं सर्रास होतं.

पोच कमी पडली की वॅट वाढवायचं मनात येतं. पण दुप्पट वॅट म्हणजे फक्त 3 डेसिबलची (सिग्नलच्या ताकदीचं माप) किरकोळ भर. खरा फरक पडतो उंचीने. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा. सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज, म्हणजे लहर थेट पोचते ती हद्द, तेवढे किलोमीटर. 25 मीटरला साधारण 20, 100 मीटरला 41. टेकडी आडवी असेल तर पलीकडची वस्ती हिशेबात धरू नका.

अँटेनाच्या केबलचा सांधाही तपासत राहा. त्यात पाणी शिरलं की अँटेनाकडे निघालेली ताकद उलटी फिरते, ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला वॅट उतरवतो, पोच आकसते आणि खापर कार्यक्रमांवर फुटतं.

आता फॉरमॅट, म्हणजे केंद्राने काय आणि कसं ऐकवायचं ते. स्टिरिओ प्रक्षेपणात, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा देणाऱ्या, 19 किलोहर्ट्झचा खुणेचा सूर असतो, त्याला पायलट म्हणतात. त्याच्या आधारे संच 38 किलोहर्ट्झभोवती दडलेला डाव्या-उजव्यातला फरक उलगडतो. एफएममध्ये संचाने उलगडलेल्या सिग्नलची वारंवारता चढेल तसा गोंगाटही चढतो, त्यामुळे कमजोर सिग्नलवर स्टिरिओत मोनोपेक्षा (दोन्ही बाजूंना एकच आवाज) सुमारे 20 डेसिबल जास्त खरखर येते. बातम्यांना, मुलाखतींना स्टिरिओ लागतोच कशाला? पायलट बंद करा. तोच मनोरा, तेवढेच वॅट, आणि काठावरच्या वस्तीत शब्द न् शब्द कळतो.

म्हणून बुटक्या मनोऱ्याने उंच मनोऱ्याशी लोकप्रिय गाण्यांवरून झुंजू नये. तेच गाणं दोन्हीकडे असेल तर श्रोता स्वच्छ आवाजापाशीच थांबणार. त्यापेक्षा आपल्या पोचेत कोण राहतं, कुठली भाषा बोलतं, कामावर कधी निघतं, हे पाहावं आणि दुसरं कुणी देत नाही ते द्यावं.

मिडियम वेव्हवर घड्याळही सांभाळावं लागतं. सूर्य मावळला की आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यातला) लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं आपल्याच वारंवारतेवर येऊन आदळतात. संध्याकाळी सातचा महत्त्वाचा कार्यक्रम उन्हाळ्यात नीट लागतो, हिवाळ्यात त्या गर्दीत बुडतो. तो सकाळी घ्या, आणि हिवाळ्यात उशिरा उजाडतं हे वेळापत्रकात आधीच धरा.