अण्णांची बासनं

नागपूरच्या महाल भागातलं हे जुनं घर, गांधी गेटपासून जवळच. माडीवर लाल कापडात बांधून ठेवलेली गाठोडी दिसताहेत ना, ती अण्णांची बासनं. अण्णा पेशाने मास्तर, पण जीव सगळा नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात. ज्याच्या घरी मोडी कागद असतील त्याच्या ओसरीवर बसायचं आणि हाताने नक्कल करून आणायची, तेव्हा कुठली आली झेरॉक्स.

हे पान जवळून बघा. आधी आडवी रेघ मारलीये आणि मग तिला लटकवत अक्षरं, बोरू फारसा न उचलता. शेजारी अण्णांचं बालबोध, म्हणजे तेच देवनागरीत. जिथं शब्द लागला नाही तिथं सरळ जागा मोकळी सोडलीये, बळंच काही घुसडलेलं नाही (आजकाल हे कमीच दिसतं).

आणि हा मळलेला पुठ्ठा म्हणजे अण्णांचं खरं हत्यार. मराठी कागदात साल आकड्यात नाही, बऱ्याचदा अरबी शब्दांत असतं, तेही उलटं, एकंपासून सुरू. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे झालं शुहूर सन (मराठी कागदांतली अरबी कालगणना) 1173, त्यात 599 मिळवले की 1772, म्हणजे नागपूरचे राजे जानोजी भोसले गेले ते वर्ष, आणि मग गादीवरून त्यांच्या मुधोजी-साबाजी या भावाभावांचं जे पेटलं ते थेट 1775 ला पाचगावच्या लढाईत साबाजी पडले तेव्हाच मिटलं. पुठ्ठ्यावर अशी बेरीज जागोजागी करून ठेवलीये.

आता ब्रश बघा, मऊ, मधून बाहेर, एकाच दिशेने. टाचण्या गंजून कागदात बसल्यात, त्या ओढायच्या नाहीत, खाली प्लास्टिकची पट्टी सरकवून हळूच सोडवायच्या. कसर तर लागलीच, पण जास्त नासधूस कूलरने केली. नागपूरचा उन्हाळा म्हटल्यावर कूलर आलाच, त्याची ओल बासनात शिरली आणि बुरशी धरली.

दोन बासनं त्याआधीच रद्दीत गेली, ती काही आता मिळत नाहीत.

बाकीचं स्कॅनिंग इथंच माडीवर सुरू आहे. मूळ कागद शहराबाहेर न्यायचे नाहीत ही घरच्यांची अट, आणि आम्हाला विचाराल तर बरोबरच आहे, भोसल्यांचे कागद बघायला नागपूरच्या पोरांनी पुण्या-मुंबईच्या चकरा का म्हणून माराव्या?