एरर न देणारा लूप

[दृश्य: टर्मिनल. सर्व्हर चालू, लॉग स्तब्ध. पंख्याचा आवाज चढत जातो.]

या सर्व्हरला जोडलेला एकमेव क्लायंट केव्हाच निघून गेलाय. तरी प्रोसेसरचा एक कोअर १०० टक्क्यांवर आहे. क्रॅश नाही, एरर नाही. पायथन २ वर हाच कोड बिनबोभाट चालायचा. आता तो पायथन ३ वर आणलाय, एवढंच.

[दृश्य: डेटा वाचणारा लूप, त्यातली एक ओळ ठळक.]

गोम या ओळीत आहे. समोरच्याने कनेक्शन बंद केलं की सॉकेटचं (नेटवर्क कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकाचं) रिसीव्ह, म्हणजे डेटा वाचणारं फंक्शन, रिकामा डेटा देतं. जुना कोड तो रिकाम्या स्ट्रिंगशी, म्हणजे मजकुराशी, ताडून बघतो; जुळला, तर लूपबाहेर. पायथन २ मध्ये स्ट्रिंग म्हणजेच बाइट्स (कच्चा डेटा), त्यामुळे तो जुळायचा. पायथन ३ मध्ये हाती येतात ते बाइट्स, आणि रिकामे बाइट्स रिकाम्या स्ट्रिंगशी कधीच जुळत नाहीत. लूप गरगरत राहतो.

सॉकेटवर स्ट्रिंग पाठवायला गेलात, तर पायथन ३ तिथल्या तिथे टाइपएरर देऊन अडवतं. बरंच करतं. तुलनेच्या वेळी मात्र अवाक्षर काढत नाही. प्रोग्रॅम 'डॅश बी' हा पर्याय लावून चालवला तर इशारा मिळतो, पण ते आठवतं कुणाला?

[दृश्य: ओळ खोडली जाते, नवी टाइप होते.]

तुलनाच काढून टाकायची. 'इफ नॉट डेटा' एवढंच विचारायचं. दोन्ही आवृत्त्यांना चालतं.

सॉकेटचे एरर पकडण्याचं प्रकरण त्यामानाने सोपं. २०१२ च्या पायथन ३.३ पासून सॉकेट डॉट एरर हे ओएसएररचंच (ऑपरेटिंग सिस्टिमकडून येणाऱ्या एररचंच) दुसरं नाव झालं, म्हणून जुनं नाव दोन्हीकडे चालतं. फक्त टाइमआउट, म्हणजे वेळ संपल्याचा एरर, सॉकेट डॉट एररच्या आधी पकडा. तो त्याचाच उपप्रकार आहे.

उलट्या दिशेलाही खड्डा आहे. सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रॅमला दिलेली सूचना) आला की जुन्या आवृत्तीत रिसीव्ह मध्येच तुटायचं, ३.५ पासून भाषाच ते पुन्हा चालवते. नव्यावर वाढलेला कोड जुन्यावर नेलात, तर हा पुनर्प्रयत्न हाताने लिहावा लागतो.

[दृश्य: एसएसएलचा कोड.]

कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या एसएसएल मॉड्यूलमधलं जुनं रॅप सॉकेट फंक्शन ३.१२ मध्ये काढून टाकलं. त्याच्या जागी येणारं एसएसएल कॉन्टेक्स्ट पायथन २ मध्ये २.७.९ पासूनच मिळतं. त्याच्याही मागच्या आवृत्त्यांसाठी दुसरी वाट लिहिता येते, पण आमचं मत विचाराल तर लिहू नये. तिथे सपोर्ट सरळ बंद करावा.