जोत्यावरची पाच माणसं

(मडगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, नमस्कार. एकाच गोष्टीकडे माणसं वेगवेगळ्या काळातून कशी बघतात, हा आजचा विषय. तो जड वाटेल असा आहे, म्हणून सुरुवात एका गावापासून करते.

कुर्डी तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. सांगे तालुक्यातलं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. १९८०च्या दशकात ते साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. पण कडक उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि मे महिन्यात गाव पुन्हा वर येतं. वाडे, वालकिणी इथे वसवलेली माणसं त्या दिवसांत सोमेश्वराला जमतात. माझ्या आतेचं सासर तिथलं. गेल्या मे महिन्यात तिच्याबरोबर मीही गेले होते.

घर म्हणावं असं आता काही नाही. चिऱ्यांचं जोतं, त्यावर वाळून तडकलेला गाळ. आतेने चपला खाली काढल्या आणि ती वर चढली. चार पावलं मोजल्यासारखी टाकली, खाली बसली आणि हाताने गाळ उकरू लागली. मला कळेना काय शोधतेय. थोड्या वेळाने एक गोल तोंड दिसलं. स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलेलं उखळ होतं ते. त्यातला चिखल ती ओंजळीने काढत राहिली, कोपरापर्यंत हात आत गेला, आणि मग थांबून म्हणाली, "बघ गो, तळ अजून गुळगुळीत आहे."

तिचे दीर जोत्यावर चढलेच नाहीत. खाली उभं राहून भरपाई किती तुटपुंजी मिळाली, ते पुन्हा सांगत होते. माझे यजमान वर्षं जुळवत होते: जमिनी आधी गेल्या की धरणाचं काम आधी सुरू झालं, गाव नेमकं केव्हा रिकामं झालं. आतेचा मोठा मुलगा पाण्याच्या कडेकडे बघत म्हणाला, "इथे पायवाट करायला हवी. प्रत्येक घराच्या जोत्यावर नावाची पाटी लावायला हवी." आणि त्याची मुलगी, दहा वर्षांची, केव्हाच पाण्यात शिरली होती. शिंपले वेचत ओरडत होती, "आजी, पाणी बघ कसलं थंड आहे!"

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण झालं. पाट्या आणि पायवाट ऐकून आते रडली. "तुला माझ्या घराची प्रदर्शनी मांडायची आहे," म्हणाली. मुलगा दुखावला. "आई, ते घर राहावं म्हणूनच तर सांगतोय!" दोघांचा जीव एकाच घरात अडकलेला, आणि दोघांना वाटत होतं की समोरच्याला त्याचं काही नाही. मी समुपदेशनाचं काम करते, असली भांडणं रोज ऐकते, आणि तरी त्या गाडीत मला एक शब्द सुचला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं: ती भूतकाळातून बोलत होती आणि तो भविष्यकाळातून. वस्तू एक, काळ दोन.

या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांची मांडणी केली. भावना, संवेदना, अंतःप्रेरणा आणि विचार, यांपैकी एक वृत्ती माणसात बळकट असते, असं त्यांचं म्हणणं. १९६८ साली हॅरिएट मान, मिरियम सीगलर आणि हम्फ्री ऑस्मंड या तिघांनी त्याला काळाची जोड दिली. भावनाप्रधान माणूस आजची गोष्ट कालच्या आठवणीशी ताडून बघतो. संवेदनाप्रधान माणूस समोर जे आहे त्यात असतो. अंतःप्रेरणेचा माणूस अजून न घडलेलं पाहतो आणि तिथून मागे वळून वर्तमानाकडे बघतो. विचारप्रधान माणसाला काळ ही एक सलग रेघ दिसते, आधी काय आणि नंतर काय. कुर्डीचं जोतं डोळ्यांपुढे आणा. आते, नात, मुलगा आणि माझे यजमान, चौघेही तिथे उभे आहेत.

पण दीर? ते या चौकटीत बसत नाहीत. तेही भूतकाळातच आहेत, आणि तरी आतेच्या भूतकाळाशी त्यांच्या भूतकाळाचा काही संबंध नाही. म्हणून मला पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. फिलिप झिंबार्डो आणि जॉन बॉइड या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली ५६ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात भूतकाळाचेच दोन भाग आहेत, एक ओलाव्याचा आणि एक सलाचा. वर्तमानाचेही दोन: एकात क्षणाचा आनंद, दुसऱ्यात 'नशिबात असेल ते होईल' ही हार. पाचवा भविष्याचा. शिवाय इथे माणसाला एका खोक्यात घालून झाकण लावलेलं नाही. प्रत्येकात पाचही असतात, कमी-जास्त. घटना तीच असूनही एकाला तिचा ओलावा राहतो आणि दुसऱ्याला सल. दिरांना "आता विसरा" म्हणणारे आम्ही सगळे चुकत होतो. त्यांच्या वाट्याचा अन्याय कोणी नीट ऐकून घेतला नव्हता, आणि सल विसरा म्हटल्याने जात नाही.

आता एका शब्दाबद्दल बोलते, कारण तो माझ्या मनाला लागतो. सुशेगाद. पोर्तुगीजमध्ये 'सोसेगादो' म्हणजे शांत, निवांत. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ केला आळशी, उद्याची फिकीर नसलेला गोंयकार. हे मी मान्य करणार नाही. ज्या समाजात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी घरात भरून ठेवायची साठवण, आहे, तो समाज उद्याचा विचार करत नाही असं कोण म्हणेल? मे महिन्यात आपल्या आयांनी काय केलं ते आठवा. खारं सुकवलं, सोलं उन्हात घातली, मिरच्या वाळवल्या, चिंचेचे गोळे केले, कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या, लाकडं शाकारलेल्या खोपीत रचली. पावसाचे चार महिने त्यांना एप्रिलमध्येच दिसत होते. आजही १ जूनपासून ६१ दिवस ट्रॉलर बंद होण्याआधी म्हापशाच्या बाजारात सुक्या मासळीला काय गर्दी असते! आणि एवढं सगळं भरून ठेवल्यावर, पाऊस कोसळत असताना सोप्यावर निवांत बसणं, ते सुशेगाद. निवांतपणा हा त्या तयारीतून आलेला आहे. भविष्य सांभाळलेलं असलं की वर्तमानात बसता येतं. झिंबार्डो यांनाही समतोल स्वभाव असाच दिसतो: भूतकाळाचा ओलावा भरपूर, भविष्याची काळजी बऱ्यापैकी, क्षणाचा आनंद बेताचा, सल आणि हार कमी.

आणखी एक गोष्ट. भूतकाळात रमणाऱ्याला आपण मागासलेला म्हणतो आणि पुढचं बघणाऱ्याला हुशार. मेंदूत मात्र या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या नाहीत. के. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा कॅनडातला एक रुग्ण होता. १९८१ साली मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला इजा झाली. स्मृतीचे अभ्यासक एंडेल टुल्विंग यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याला भाषा येत होती, शिकलेली माहिती आठवत होती, पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नव्हता. आणि उद्या काय करणार असं विचारलं, तर तेही त्याला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. दोन्हीकडे कोरंच. पुढे मेंदूच्या छायाचित्रणातूनही दिसलं की आठवताना आणि उद्याची कल्पना करताना मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात. उद्याचं चित्र आपण कालच्या तुकड्यांतूनच रचतो.

म्हणून माझ्याकडे भांडून आलेल्या घरांना मी हल्ली आधी एकच विचारते: वडिलोपार्जित घर विकायचं की ठेवायचं हे बाजूला ठेवा, ते घर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कुठलं वर्ष येतं? एकजण १९७५ म्हणतो, दुसरी आपल्या मुलाच्या लग्नाचं वर्ष सांगते, जे अजून यायचं आहे. मग दोघंही एकमेकांकडे बघतात. तडजोड लगेच होते असं नाही. बरेचदा होतच नाही. पण आवाज खाली येतात.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर मी आतेकडे गेले होते. मुलाने टेबलावर मोठा कागद पसरला होता. जोत्याचे फोटो समोर ठेवून तो कुर्डीच्या घराचा नकाशा काढत होता. पाटीचं नाव त्याने काढलं नव्हतं, तिनेही काढलं नाही. पडवी झाली, देवाची खोली झाली. स्वयंपाकघराशी येऊन तो अडला.

"आई, उखळ केवढं खोल होतं?"

आतेने हातातली भाजी खाली ठेवली, बाही वर सारली आणि कोपराच्या जरा वर बोट टेकवलं. "इथपर्यंत," म्हणाली. "मापून घे."