पाच पेट्या नासल्या, नफा किती?

[दृश्य: वाशीचा फळबाजार. टेम्पोतून उतरणाऱ्या हापूसच्या पेट्या.]

देवगडच्या बागायतदाराने वाशीच्या अडत्याकडे शंभर पेट्या पाठवल्या. माल गाळ्यावर उतरला, तरी विकला जाईपर्यंत मालकी बागायतदाराचीच. बी.कॉम.च्या वर्गात याला कन्साइनमेंट म्हणतात. नवी मुंबईत अकाउंटन्सी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

[दृश्य: वर्गातला फळा. आकडे एकेक करून उमटतात.]

पेटीचा खर्च 1,800 रुपये. भाडं आणि वाटेतली हमाली 10,000. एकूण 1,90,000. वाशीला पोचेपर्यंत पाच पेट्या उष्म्याने नासल्या. एवढी नासाडी नेहमीचीच असेल, तर तो नॉर्मल लॉस. त्याची वेगळी नोंद होत नाही. चांगल्या पेट्या तो भार उचलतात. 1,90,000 भागिले 95, म्हणजे पेटीला 2,000. 31 मार्चला गाळ्यावर पंधरा पेट्या शिल्लक असतील, तर साठा 30,000. विद्यार्थी हमखास 100 ने भागतात आणि साठा 28,500 दाखवतात.

आता त्याच पाच पेट्या टेम्पो कलंडून चिरडल्या असं धरू. हे नुकसान चांगल्या पेट्यांवर टाकायचं नसतं, म्हणून इथे मात्र 100 नेच भागायचं. पेटीला 1,900. पाच पेट्यांचे 9,500 अ‍ॅबनॉर्मल लॉस म्हणून थेट नफा-तोटा खात्यात, साठा 28,500, आणि वर्षाचा नफा नॉर्मल लॉसपेक्षा 1,500 ने कमी.

नासल्या पाचच पेट्या, पण कारण बदललं आणि नफा हलला. म्हणून जर्नल एंट्रीआधी नुकसानीचं कारण विचारायला लावणं, हे या विषयातलं खरं शिकवणं. आणखी एक गोष्ट वर्गात सांगायलाच हवी. पुस्तकातली गणितं माल पाठवणाऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, अडत (अडत्याची दलाली) कापतात. पण राज्य सरकारने जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं.

प्राध्यापकाच्या पेशाची नेहमीची वाट एम.कॉम., नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, सहायक प्राध्यापक, मग पीएच.डी. आणि शोधनिबंध अशी.

[दृश्य: संगणकावर कंपन्यांचे ताळेबंद.]

संशोधनातही प्रश्न तोच, नफा कशामुळे हलला, फक्त कंपन्या मोठ्या. नफ्यात फेरफार झाल्याची शक्यता तपासणारं, संशोधक जेनिफर जोन्स यांचं 1991 चं मॉडेल आजही वापरात आहे. नफा आणि कामकाजातून आलेली रोकड यांतला फरक म्हणजे अ‍ॅक्रुअल्स. विक्रीतला बदल आणि इमारती-यंत्रसामग्री यांवरून तो किती असायला हवा होता, ते काढायचं. त्यापलीकडचा भाग व्यवस्थापनाच्या मर्जीचा असल्याची शंका येते. पुरावा नव्हे, शंकाच. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत लबाडी नसतानाही हा भाग फुगलेला दिसतो.

भारतातल्या आकडेवारीत आणखी एक खड्डा आहे. 500 कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मूल्याच्या) कंपन्यांना 1 एप्रिल 2016 पासून इंड एएस, म्हणजे हिशेब मांडण्याचे नवे भारतीय नियम, लागू झाले. आधीची आणि नंतरची वर्षं एकत्र केली, तर कंपनीचं वागणं बदललं की मोजण्याची पद्धत, हे कळत नाही. दोन्ही काळांची गणितं वेगळी चालवावी लागतात. त्यातूनही एखादी कंपनी खटकली, तर तिच्या वार्षिक अहवालाच्या नोट्स उघडून साठ्याचं मूल्यांकन ओळीने तपासावं लागतं.